गाडीचा रिव्ह्यू खरा असतो, पण कोणत्या गाडीचा?

हल्ली गाडी घ्यायची ठरली की आधी दहा-बारा व्हिडिओ बघून होतात, मग शोरूमला फोन जातो. आणि वर्षभरात गाडीचं काही बिनसलं की तीच मंडळी म्हणतात, "हे रिव्ह्यूवाले सगळे विकले गेलेत." मला दोन्ही पटत नाही. गाड्यांवर लिहिणारे बहुतेक जण जे लिहितात ते त्यांना खरंच जाणवलेलं असतं. पण त्यांच्या हातात कोणती गाडी आली, कोणत्या रस्त्यावर, किती तास आणि कोणाच्या खर्चाने, यावर रिव्ह्यूचा निम्मा निकाल आधीच लागलेला असतो. वाचणाऱ्याने तपासायचं ते हेच.

'फर्स्ट ड्राइव्ह' नावाखाली जे छापून येतं, ते बहुतेक वेळा कंपनीने भरवलेल्या मीडिया ड्राइव्हमधून आलेलं असतं. विमानाचं तिकीट कंपनीचं, हॉटेल कंपनीचं, रूटही कंपनीने ठरवलेला. गाडीत दोन पत्रकार, हातात काही तास, आणि त्याच तासांत फोटो, व्हिडिओ, ड्रोन शॉट हे सगळं उरकायचं. वर एम्बार्गो असतो, म्हणजे अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत काही प्रसिद्ध करायचं नाही. ती वेळ झाली की सगळीकडे एकदम रिव्ह्यू येतात, आणि जो मागे राहिला त्याचे व्ह्यूज गेले. म्हणून लेख बरेचदा परतीच्या वाटेवरच लिहून होतो. यात कोणी कोणाला पैसे चारलेले नसतात, तरी कित्येक गोष्टी बघायच्याच राहून जातात.

उदाहरणार्थ हेडलाइट. शूटिंगला उजेड लागतो, त्यामुळे ड्राइव्ह सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपते. पावसाळी रात्री कोकणातल्या रस्त्यावर, जिथे पांढरे पट्टे पुसले गेलेत आणि समोरून ट्रक येतोय, तिथे त्या गाडीचा लो बीम किती लांब पडतो हे कोणी पाहिलेलंच नसतं. मग लेखात येतं काय, तर 'आकर्षक एलईडी हेडलॅम्प्स'. तो दिव्याच्या आकाराचा रिव्ह्यू झाला, उजेडाचा नाही.

एसीचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत डोंगराळ भागात चालवलेल्या गाडीचा एसी चांगलाच वाटणार. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तिथे तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत गारवा पोहोचायला किती वेळ लागतो, हा खरा प्रश्न. पॅनोरमिक सनरूफ असेल आणि खाली नुसता पातळ कापडी पडदा असेल तर डोक्यावरचा ताप वेगळाच.

आता व्हेरियंट, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. रिव्ह्यूला जवळपास नेहमीच टॉप मॉडेल दिलं जातं. 2024 ची क्रेटा घ्या. तिच्या 1.5 टर्बो पेट्रोलला 160 पीएस ताकद आणि 253 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर, आहे, तर साध्या 1.5 पेट्रोलला 115 पीएस आणि 144 न्यूटन-मीटर. नाव एक, बाहेरून दिसायला जवळजवळ सारखी, पण घाटात ओव्हरटेक करताना या दोन वेगळ्या गाड्या आहेत. टर्बोचा व्हिडिओ बघून साधं पेट्रोल बुक केलं तर तो रिव्ह्यू तुमच्या गाडीचा नव्हताच. कोणत्याही कंपनीचं खालचं व्हेरियंट घ्या, टायरचा आकार बदलतो, एलईडीच्या जागी हॅलोजन येतो, काही गाड्यांत मागच्या डिस्कऐवजी ड्रम ब्रेक येतो. टायर बदलला की खड्ड्यातला धक्का, आवाज, ब्रेकिंगचं अंतर, सगळं बदलतं.

सुरक्षेच्या बाबतीत हा फरक किती जीवघेणा असू शकतो हे जानेवारी 2014 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने ऑल्टो 800, नॅनो, फिगो, आय10 आणि पोलो या गाड्या 64 किमी वेगाने आदळवल्या. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार मिळाले. त्याच पोलोला दोन एअरबॅग असलेल्या मॉडेलमध्ये चार स्टार मिळाले. या गाड्यांवर त्याआधी ढिगाने रिव्ह्यू आले होते, तुलना झाल्या होत्या. बॉडी शेल, म्हणजे गाडीचा सांगाडा, टिकतं की कोसळतं, हे गाडी चालवून कळत नाही, त्यामुळे कोणी लिहिलंही नव्हतं. आता आपली स्वतःची अशीच चाचणी, भारत एनकॅप, आहे, ऑक्टोबर 2023 पासून. त्याचा निकाल बघताना कोणत्या व्हेरियंटची चाचणी झाली आणि किती एअरबॅग होत्या तेही वाचा.

टिकाऊपणाचा अंदाज तर फर्स्ट ड्राइव्हमधून येऊच शकत नाही. फोक्सवॅगन गटाच्या सात स्पीड ड्राय क्लच डीएसजी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं जगभर कौतुक झालं, आणि चालवायला तो खरंच सुंदर आहे. पण 2013 मध्ये चीनमध्ये याच गिअरबॉक्सच्या तक्रारींवरून 3,84,181 गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जगभरातल्या सुमारे 16 लाख. उष्ण, दमट हवेत आणि सतत थांबत-चालत जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये गिअरबॉक्समधल्या सिंथेटिक ऑइलमुळे वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता, म्हणून ते काढून मिनरल ऑइल भरलं गेलं. मोकळ्या रस्त्यावर चार तास चालवणारा कितीही प्रामाणिक आणि जाणकार असो, त्याला हे दिसणं शक्य नव्हतं.

एकूणच ड्राय क्लच डीसीटी (डीएसजीसारखा दोन क्लचचा) आणि एएमटी (मॅन्युअलच, पण क्लच आणि गिअर आपोआप बदलणारा) या दोन्ही गिअरबॉक्सची परीक्षा हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत होते. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा क्लच अर्धवट दाबलेल्या अवस्थेत घासत राहतो आणि तापतो. ड्राय क्लच थंड करायला ऑइल नसतं, फक्त हवा असते. रिव्ह्यूमध्ये 'बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये सलग अर्धा तास' असा उल्लेख नसेल, तर गिअरबॉक्सबद्दलचं मत अपुरं आहे असं समजा.

बीएस6 डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, हा असाच हायवेवर लपून राहणारा विषय. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी एक्झॉस्टचं तापमान 600 अंशांच्या आसपास न्यावं लागतं. त्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल सोडते आणि सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर चालवणाऱ्याच्या गाडीत हे जळणं दरवेळी अर्ध्यावर तुटतं. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइलची पातळी वर चढलेली दिसते, आणि शेवटी गाडी पॉवर कमी करून वर्कशॉपला न्यायला लावते. मीडिया ड्राइव्हच्या गाडीला हा त्रास होणारच नाही, ती दिवसभर हायवेवर असते. आठवड्यातून एकदाही हायवेला लागत नसाल तर डिझेलच्या टॉर्कचं वर्णन कितीही मोहात पाडो, तुमच्यासाठी पेट्रोल बरं.

आकड्यांकडे वळू. एआरएआय या चाचणी संस्थेने प्रमाणित केलेलं मायलेज खोटं नसतं, पण ते प्रयोगशाळेत रोलरवर मोजलेलं असतं. आजवर जो आकडा छापला जात आला त्याची चाचणी 1180 सेकंदांची, सरासरी वेग ताशी 32 किमीच्या आसपास, कमाल 90, आणि एसी बंद. ईव्हीत हा फरक आणखी ठळक दिसतो. 2024 मध्ये टाटाच्या कर्व्ह ईव्हीच्या मोठ्या बॅटरीला 585 किमी प्रमाणित रेंज जाहीर झाली, आणि त्याच वेळी कंपनीने स्वतःच प्रत्यक्षातली अपेक्षित रेंज 400 ते 425 किमी सांगितली. ही चांगली पद्धत आहे, बाकीच्यांनीही उचलावी.

रिव्ह्यूतलं मायलेज कसं मोजलं ते बघा. डिस्प्लेवरचा आकडा वाचून दाखवला असेल तर सोडून द्या, तो बहुधा जास्तच असतो. खरी पद्धत टाकी ते टाकी. टायरची हवा गाडी थंड असताना दाराच्या स्टिकरप्रमाणे भरायची, सपाट जागेवरच्या पंपावर ऑटो कटपर्यंत पेट्रोल घालायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा, किमान तीनशे-चारशे किलोमीटर चालवायचं, आणि पुन्हा त्याच पंपावर त्याच नोझलने ऑटो कटपर्यंत भरायचं. 412 किमीला 27.8 लिटर लागलं तर लिटरमागे 14.8. एसी, माणसं आणि शहर-हायवेचं प्रमाण सोबत सांगितलं नाही तर हाही आकडा निम्माच उपयोगाचा.

शून्य ते शंभरचंही तेच. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तर चालेल, असा संयुक्त राष्ट्रांचा नियम आहे. खऱ्या 100 ला काटा 114 पर्यंत दाखवू शकतो. म्हणजे मोबाइलचं स्टॉपवॉच आणि डॅशबोर्डचा काटा यावर काढलेला वेळ गाडीला फुकटचा मोठेपणा देतो. जीपीएस लॉगर लावून मोजणाऱ्यांचे आकडेच धरा. 80 ते 0 ब्रेकिंगचं अंतर आणि 20 ते 80 चा वेळ हे दोन आकडे रोजच्या वापरात शून्य ते शंभरपेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

जाहिरातीचा दबाव असतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. 2005 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या डॅन नील यांनी पॉंटिअॅक जी6 वर सडकून टीका केली, तेव्हा जनरल मोटर्सने त्या दैनिकातल्या आपल्या जाहिराती काही महिने काढून घेतल्या. नील यांना आदल्याच वर्षी पुलित्झर मिळालं होतं. एवढ्या मोठ्या दैनिकाचं हे होत असेल, तर दोन-तीन कंपन्यांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या मासिकाने किंवा चॅनलने किती ताणायचं? त्यामुळे टीका शब्दांच्या आड जाते. 'शहरासाठी पुरेसं इंजिन' म्हणजे हायवेला ओव्हरटेक करताना दम निघेल. 'वेग वाढला की सस्पेन्शन छान सेटल होतं' म्हणजे गल्लीतल्या खड्ड्यात कंबर हलेल. 'मागची सीट दोघांसाठी आरामशीर' म्हणजे तिसऱ्याला बसवू नका. टीका लिहिलेली असते, फक्त ती वाचता यायला हवी.

आणि प्रेसने नेटाने काम केलं तर काय होतं तेही सांगायला हवं. 1997 मध्ये टेक्निकेन्स वार्ल्ड या स्वीडिश मासिकाने नव्या मर्सिडीज ए-क्लासची अचानक अडथळा चुकवण्याची चाचणी घेतली आणि गाडी उलटली. कंपनीने आधी हात झटकले, नंतर विक्री थांबवली, आणि ए-क्लासमध्ये ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) स्टँडर्ड म्हणून दिलं. ही चाचणी कंपनीने आखलेल्या रूटवर झालीच नसती. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स 1936 पासून काम करतंय. ते चाचणीच्या गाड्या साध्या ग्राहकासारख्या डीलरकडून विकत घेतात आणि कंपन्यांच्या जाहिराती घेत नाहीत, खर्च वर्गणीदार उचलतात. आपल्याकडे या तोडीची व्यवस्था उभी राहिलेली नाही, आणि फुकट व्हिडिओ बघायची सवय लागलेल्या आपण वाचकांनीही ती उभी राहू दिलेली नाही.

मग रिव्ह्यूतून घ्यायचं काय? स्टिअरिंगचं वजन, सीटचा आधार, इंजिनाचा आवाज, टर्बो किती आरपीएमला जागा होतो, मागे पाय ठेवायला जागा किती, बाहेरचं किती दिसतं, टचस्क्रीन अडकतो का. या बाबतीत शंभर गाड्या चालवलेल्या माणसाचं मत शोरूमच्या सेल्समनपेक्षा लाखपटीने मोलाचं. दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी एकच दोष सांगितला असेल, तर तो शंभर टक्के आहे असं धरा. लाँग टर्म रिपोर्ट मिळाले तर जरूर वाचा. गाडी कंपनीची असते आणि सर्व्हिस सेंटरला ती कोणाची हे माहीत असतं, तरी टायरची झीज आणि आतली खडखड लपत नाही. मालकांची मतं वाचताना पहिल्या हजार किलोमीटरमधलं कौतुक बाजूला ठेवा आणि तीस हजार किलोमीटर पार केलेल्या, तुमच्याच इंजिन-गिअरबॉक्सच्या गाड्या शोधा.

बाकीचं स्वतःच तपासायचं. टेस्ट ड्राइव्हला नेमकं तेच व्हेरियंट मागा. नाही म्हणाले तर दुसऱ्या डीलरकडे जा. घरची माणसं बसवा. पाच जण आणि डिकीत सामान म्हणजे साडेतीनशे-चारशे किलो होतात. रिव्ह्यूच्या गाडीत दोनच माणसं होती. भरलेली गाडी मागून बसते, स्पीडब्रेकरला खालून घासते, हेडलाइटचा झोत वर जातो. एसी फुल ठेवून चढावर थांबवा आणि पुन्हा उचला, किती मागे सरकते बघा. टायरची हवा आधी तपासून घ्या, कारण दोन-तीन पीएसआय कमी ठेवली की सस्पेन्शन आहे त्यापेक्षा मऊ वाटतं. जमलं तर एक फेरी अंधार पडल्यावर मारा.

आणि शोरूममधून निघण्याआधी सेल्स काउंटर सोडून सर्व्हिसच्या बाजूला जा. 10, 20 आणि 40 हजार किलोमीटरच्या सर्व्हिसचं एस्टिमेट लेखी मागा. पार्ट्स काउंटरवर चार भाव विचारा: एका बाजूचा पूर्ण हेडलॅम्प, पुढचा बंपर, क्लच सेट, आणि एडास (कॅमेऱ्यावर चालणारी ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) असेल तर कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनसह पुढची काच. शेवटचा भाव ऐकून बरेच जण खालच्या व्हेरियंटचा पुन्हा विचार करतात.