जुलाबावरची ‘सर्वांना माहीत असलेली’ गोळी: एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

मोबाइलवरून पुढे पुढे ढकलला जाणारा एक सल्ला थोडक्यात असा: ‘जुलाब म्हणजे पोटात जंतू शिरले. नॉरफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल या दोन अँटिबायोटिकांची एकत्र गोळी लगेच सुरू करा, जोडीला जुलाब थांबवणारी लोपेरामाइड घ्या. रक्त पडत असेल तर डोस दुप्पट करा. मीठ-साखरेच्या पाण्याने आजार बरा होत नाही. पोट थांबलं की गोळी बंद, आणि नंतर प्रोबायोटिक घेतलं की गेलेले चांगले जंतू परत येतात.’ यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात खोट आहे.

‘जुलाब म्हणजे जंतू शिरले’

जंतू तिथे आधीपासूनच असतात. मोठ्या आतड्यातल्या एक ग्रॅम मळात साधारण 100 अब्ज जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी, कित्येक तर कामाचे. अचानक लागणाऱ्या जुलाबांमागे अनेकदा जिवाणू नसून विषाणू असतो: लहान मुलांत रोटाव्हायरस, सर्व वयांत नोरोव्हायरस. त्यांच्यावर अँटिबायोटिक म्हणजे साप समजून भुई धोपटणं.

जेवणानंतर 1 ते 6 तासांतच जोरात उलट्या सुरू झाल्या तर बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं विष अन्नातच तयार झालेलं असतं. अन्न पुन्हा गरम केल्याने ते विष नष्ट होत नाही आणि पोटात मारण्यासारखा जिवाणू तेव्हा उरलेलाही नसतो.

‘पण गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं!’ वाटणारच. नोरोव्हायरसचा त्रास 1 ते 3 दिवसांत आपोआप ओसरतो आणि श्रेय गोळीच्या खात्यात जमा होतं.

‘रक्त पडलं तर डोस दुप्पट’

सल्ल्यातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. रक्त पडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि त्यांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात.

शिगेला हा जिवाणू मोठ्या आतड्याच्या अस्तरात घुसतो. ताप, पोटात मुरडा, थोडं थोडं रक्त-आव पडणं, सतत जावंसं वाटणं ही त्याची खूण. आजार व्हायला 10 ते 100 जिवाणूही पुरतात, म्हणून तो घरात एकाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो. इथे अँटिबायोटिक लागतं, पण नॉरफ्लॉक्सासिनच्या गटाला दाद न देणारे शिगेला आणि कॅम्पिलोबॅक्टर (जुलाब करणारा आणखी एक जिवाणू) आता सर्रास आढळतात. डॉक्टर बऱ्याचदा अ‍ॅझिथ्रोमायसिन या वेगळ्या गटातल्या अँटिबायोटिककडे वळतात ते यामुळेच.

ई. कोलाय ओ157 या जिवाणूचं चित्र वेगळं. पोटात तीव्र कळा, आधी पाण्यासारखे आणि मग लालभडक जुलाब, पण ताप फारसा नाही. हा जिवाणू शिगा विष बनवतो. त्या विषाचा जनुक जिवाणूत दडलेल्या एका विषाणूवर असतो. काही अँटिबायोटिकांनी जिवाणूच्या डीएनएला धक्का बसला की तो विषाणू जागा होतो आणि विष जास्त बाहेर पडतं. नॉरफ्लॉक्सासिनचा गट डीएनएवरच घाव घालतो. हे विष रक्तातून मूत्रपिंडापर्यंत पोचलं तर तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घसरतात, लघवी कमी होते. बहुधा हे जुलाब सुरू झाल्यावर आठवडाभराने घडतं, म्हणजे घरच्यांना ‘आता बरं वाटतंय’ असं वाटत असताना. लहान मुलांत हा धोका अधिक. म्हणून रक्त दिसलं की मळाची तपासणी आधी, औषध त्यानंतर.

अमिबाची आव हे तिसरं कारण. त्यावर मेट्रोनिडाझोल चालतं, पण अर्धंच काम करतं. आतड्याच्या पोकळीतल्या पुटी, म्हणजे कवचात दडलेले अमिबा, त्याने जात नाहीत. त्यासाठी पुढे डायलोक्सानाइड किंवा पॅरोमोमायसिन द्यावं लागतं, नाहीतर आजार उलटतो.

‘जोडीला लोपेरामाइड’

प्रौढ माणूस, ताप नाही, रक्त नाही, जुलाब पाण्यासारखे: अशा वेळी एक-दोन दिवस घ्यायला हरकत नाही. पहिल्यांदा 4 मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ जुलाबानंतर 2, आणि डॉक्टरांना न विचारता दिवसाला 8 च्या वर नाही. फार मोठ्या डोसने हृदयाचे ठोके बिघडतात. ताप किंवा रक्त असताना आतड्याची हालचाल थांबवली की विष आतच साचून राहतं. लहान मुलांना तर हे घरच्या घरी देऊच नये.

‘मीठ-साखरेच्या पाण्याने आजार बरा होत नाही’

जंतू मरत नाहीत, हे खरं. पण जुलाबात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा पाणी आणि क्षार गेल्यामुळे. आतड्याच्या पेशींवर सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आत ओढणारं एक वाहक प्रथिन असतं आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं. कॉलऱ्याचं विष पेशीतून क्षार आणि पाणी बाहेर उपसत असतानाही हा मार्ग शाबूत राहतो. ओआरएस, म्हणजे मोजून बनवलेलं मीठ-साखरेचं पाणी, चालतं ते याच वाटेने.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार 1 लिटर पाण्यात मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. पुडी मिळाली नाही तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, शीग काढलेला.

चुका होतात त्या इथे. लिटरची अख्खी पुडी एका पेल्यात ढवळली की द्रावण इतकं दाट होतं की ते उलट शरीरातलं पाणी आतड्यात खेचतं आणि रक्तातलं सोडियम चढतं. चवीसाठी वरून साखर घातली तरी जुलाब वाढतात. तयार द्रावण 24 तासांनी ओतून द्यायचं.

दर जुलाबामागे 2 वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला 100 ते 200, प्रौढाला हवं तेवढं. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू. डोळे खोल गेलेत, मूल चिडचिडं आणि सारखं पाणी मागतंय, अशा वेळी किलोमागे 75 मिलिलिटर 4 तासांत द्यायचं, म्हणजे 10 किलोच्या मुलाला 750 मिलिलिटर, तेही आरोग्य केंद्रात नजरेखाली. गुंगी आली, पिणं जमेना, पोटाच्या कातडीला घेतलेला चिमटा 2 सेकंदांहून जास्त वेळ तसाच राहिला तर ओआरएसवर वेळ न घालवता सलाइन. मुलांना सोबत झिंकही द्यायचं: रोज 20 मिलिग्रॅम, 6 महिन्यांखाली 10, एकूण 10 ते 14 दिवस. ते जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं.

कॉलऱ्यातही क्रम हाच: पाणी आधी. अँटिबायोटिकने तिथे जुलाबांचं प्रमाण आणि दिवस कमी होतात, पण ती जोड आहे.

‘घेऊन ठेवली तर नुकसान काय?’

सॅल्मोनेला या जिवाणूच्या साध्या जुलाबात धडधाकट माणसाला अँटिबायोटिकने आजार लवकर जात नाही, उलट मळातून जिवाणू जास्त दिवस पडत राहू शकतात. तान्ही बाळं, प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांची गोष्ट वेगळी. टायफॉइडही वेगळा. तो मुख्यतः तापाचा आजार आहे आणि त्याला पूर्ण उपचार लागतात.

मोठं नुकसान पुढे आहे. यकृतातून आलेल्या पित्ताम्लांचं आतड्यातले काही जिवाणू डीऑक्सिकोलिक आम्लासारख्या पदार्थांत रूपांतर करतात आणि हे पदार्थ क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइल या जुलाब करणाऱ्या जिवाणूला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकने ते जिवाणू गेले की मूळ पित्ताम्लं तशीच उरतात आणि त्यांतली काही तर डिफिसाइलच्या बीजाणूंना (त्याच्या टणक, सुप्त रूपांना) रुजायला मदत करतात. मग तो वाढतो, विष सोडतो, आतड्याचं अस्तर सोलवटतं. क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन आणि नॉरफ्लॉक्सासिनचा गट यात बदनाम आहेत. गोळीत मेट्रोनिडाझोल आहे म्हणून संरक्षण मिळतं असंही नाही. ते बहुतांशी आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं, मोठ्या आतड्यात थोडंच पोचतं.

‘नंतर प्रोबायोटिक घेतलं की झालं’

कॅप्सूलमध्ये मोजक्या जाती असतात, आतड्यात शेकडो. 2018 मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या एका छोट्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातली मूळ वस्ती काहीही न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा पूर्ववत झाली. अभ्यास लहान असल्याने त्यावरून सरसकट निष्कर्ष काढू नये, पण ‘गेलेले परत येतात’ या खात्रीला आधार नाही. मोठ्या नसेत नळी असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत तर अशा कॅप्सूलमधलं यीस्ट रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत.

अँटिबायोटिक चालू असताना किंवा बंद करून 3 महिने होईपर्यंत 24 तासांत 3 किंवा जास्त पातळ जुलाब झाले तर आणखी एक गोळी गिळू नका. डॉक्टरांना आधीच्या अँटिबायोटिकचं नाव सांगा आणि डिफिसाइलची तपासणी करायची का ते विचारा. नमुना पातळ मळाचाच लागतो. निदान झालं तर व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक 125 मिलिग्रॅम दिवसातून 4 वेळा, 10 दिवस, आणि तेही तोंडाने, कारण शिरेतून दिलेलं आतड्याच्या पोकळीत उतरत नाही. फिडॅक्सोमायसिन हा दुसरा पर्याय. घरात अल्कोहोलचं सॅनिटायझर बीजाणूंवर चालत नाही. साबण-पाण्याने हात चोळून धुवायचे, संडासाला क्लोरीनचं द्रावण वापरायचं. जुलाब थांबल्यावर ‘गेला का’ हे बघायला पुन्हा तपासणी करू नये: बऱ्या झालेल्या माणसातही ती बरेच दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग नको असलेला उपचार पुन्हा सुरू होतो.