टग कशाला धावतात?

बाबा गोव्यातल्या मुरगाव बंदरात टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढून धक्क्याला लावणाऱ्या दणकट बोटीवर, सारंग होते, म्हणजे ती बोट चालवणारे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी समुद्राकडे तोंड असलेलीच खुर्ची त्यांना लागते. ऑलिंपियातल्या टगबोटींच्या शर्यतीचा व्हिडिओ मी त्यांना पाठवला. दादाने सांगितलं की त्यांनी तो दोनदा पाहिला, चष्मा पुसून परत एकदा पाहिला आणि मग विचारलं, "हे धावतायत कशाला? टगचं काम ओढायचं."

ऑलिंपिया म्हणजे वॉशिंग्टन राज्याची राजधानी. सिएटलच्या दक्षिणेला, पुजेट साउंड नावाच्या लांबलचक खाडीच्या अगदी शेवटच्या बोळात वसलेलं गाव. मी इथे एका सरकारी खात्यात संगणकाची कामं करतो. लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी इथे बंदराची जत्रा भरते. १९७४पासून चालू आहे. जुने टग येऊन धक्क्याला लागतात, लोकांना वर चढू देतात आणि रविवारी गावासमोरच्या पाण्यात, बड इनलेटमध्ये, त्यांची शर्यत होते. आपली चवथ बहुतेकदा त्याच सुमारास. घरी देव्हाऱ्यात गणपती, बाहेर टगची शर्यत, आणि फोनवर साडेबारा तास पुढे असलेलं वास्को, मुरगाव बंदराचं आमचं गाव. माझा सप्टेंबर दरवर्षी असाच सुरू होतो.

बाबांचा प्रश्न रास्तच होता. टगला वेग नसतोच. त्याच्या पोटात प्रचंड इंजिन असतं, पण ते धावण्यासाठी नव्हे, जोर लावण्यासाठी. टग मोजतात तो खुंट्याला दोर बांधून किती टन ओढतो त्यावर. वर अंग आखूड आणि रुंद. अशा बुटक्या होडीला एका मर्यादेपलीकडे कितीही ताकद दिली तरी ती पुढे जात नाही, स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खड्ड्यात बसते. म्हणूनच ही शर्यत बघायला गंमत येते. बारा-पंधरा पैलवानांना लंगडी घालायला लावावी तसं दृश्य. नाकापुढे पाण्याची पांढरी भिंत, मागे खोल चर, धुराडी ओकतायत, भोंगे वाजतायत, आणि एवढं सगळं करून वेग आपल्या पणजी-बेतीच्या फेरीबोटीला थोडाफार लाजवेल इतकाच. आमची प्रेक्षकांची बोट त्या लाटांवर अशी हलली की शेजारच्या आजींची कॉफी माझ्या सदऱ्यावर आली. त्या हसल्या, मीही हसलो.

तर हा व्हिडिओ दादाने वास्कोतल्या बायण्याच्या चहाच्या गाड्यावर दाखवला आणि तिथे भजी-पावासोबत भांडण पेटलं. एक बाजू म्हणाली, आपल्याकडे का नाही? मुरगावला टग आहेत, सारंग आहेत, खाडीचं तोंड आहे, वर सड्यावरून दिसणारी जागा तर जगात कुठे नसेल. पर्यटक जहाजं मुरगावात लागतात आणि त्यातले पाहुणे बसमध्ये बसून थेट जुन्या गोव्याला पळतात. वास्कोत थांबावं असं आपण त्यांना काय दिलंय? दुसरी बाजू म्हणाली, झालं, आणखी एक महोत्सव! मांडव, गायक, बिअरचे फलक आणि मंत्र्यांचे हात हलवतानाचे फोटो. खिडकीच्या कठड्यावर रोज कोळशाची काळी पूड बसते आणि तुम्ही बंदराचा वाढदिवस साजरा करणार? दादा या दुसऱ्या बाजूचा. तो मला फोनवर म्हणाला, "तुका थंय बसून कितें कळटा? टाळ्या तुझ्या, खोकला आमचा."

हे वाक्य मला लागलं. लागायलाच हवं होतं. २०१७च्या उन्हाळ्यात बंदराच्या विस्तारावर वास्कोत जनसुनावणी झाली. लोकांनी दिवसचे दिवस उभं राहून आपलं म्हणणं मांडलं. मी तेव्हा इथे होतो. नोव्हेंबर २०२०च्या पहिल्या रात्री दक्षिण गोव्यातल्या चांदर गावी दुपदरीकरणाविरुद्ध हजारो माणसं रेल्वेच्या रुळांवर बसली, मेणबत्त्या लावून, गाणी म्हणत. मी तेव्हाही इथेच होतो, मोबाईलवर बघत. कोळसा मुरगावात उतरतो आणि रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. वाटेवरच्या गावांना त्यातून काय मिळतं, हा चांदरचा प्रश्न होता. पुढे मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातल्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. ती बातमी मी ऑफिसात वाचली आणि शेजारी सांगायला कोणी नव्हतं.

पण दादाला वाटतं तसं हे गाव टाळ्या वाजवणारं भोळं गाव नाही. चांदरच्या चार वर्षं आधी, नोव्हेंबर २०१६मध्ये, याच ऑलिंपियात लोकांनी गावातून जाणारा रूळ अडवला होता. बंदरात उतरलेला एक माल आगगाडीने नॉर्थ डकोटाच्या तेलविहिरींकडे निघाला होता. खडक फोडून तेल काढताना लागणारे चिनी मातीचे बारीक मणी. तंबू ठोकून माणसं आठवडाभर बसली, शेवटी पोलिसांनी उठवली. पुढच्या वर्षी परत बसली. आणि कोळसा? तो तर याच राज्याने वर्षानुवर्षं चघळला. मोंटाना-वायोमिंगचा कोळसा इथल्या किनाऱ्यावरून आशियात पाठवायचे मोठे बेत होते. उत्तरेला चेरी पॉइंटला लमी या मूळनिवासी जमातीने सांगितलं की करारातून मिळालेला आमचा मासेमारीचा हक्क यात बुडतो, आणि मे २०१६मध्ये लष्कराच्या अभियंता विभागाने तो बेत नाकारला. दक्षिणेला लाँगव्ह्यूच्या टर्मिनलला सप्टेंबर २०१७मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने पाण्याचा परवाना नाकारला. काही कामगार संघटना तेव्हा टर्मिनलच्या बाजूने होत्या, कारण रोजगार. आपल्याकडे खाणींवरून घराघरांत जी भांडणं झाली तीच भांडणं, फक्त आपल्या मासळीच्या जागी इथला सामन मासा.

म्हणजे रूळ अडवणारं गाव आणि टगला टाळ्या वाजवणारं गाव एकच. यात विसंगती आहे असं इथे कोणी मानत नाही. बंदरावर प्रेम आहे म्हणून तर त्यातून काय जातं याची चौकशी.

दादाचं आणि माझं खरं भांडण इथे आहे, आणि ते महोत्सवाचं नाहीच. मुरगाव बंदर म्हणजे काय, हे मुरगावच्या माणसाने कधी जवळून पाहिलेलंच नाही. मी सड्यावर वाढलो. आमच्या पायाखाली बंदर होतं. बाबा रोज तिथे जायचे आणि मी त्यांच्या टगवर एकदाही चढलो नाही. गेट, पास, पहारेकरी. मला ठाऊक होतं ते फक्त घरी येणारं बंदर: बाबांच्या कपड्यांना येणारा डिझेलचा वास आणि त्यांची भाषा. विहिरीतून कळशी ओढताना ते ओरडायचे, "हबेस! हबेस!" आणि दोर सोडताना, "आरिया!" ओढ आणि सोड. सगळ्या हिंदी महासागरातल्या खलाशांचे हे शब्द, 'आरिया' तर थेट पोर्तुगीजांचा. आईला वाटायचं ही काहीतरी शिवी असावी. हे शब्द कोणत्या कामाचे, ते मला ऑलिंपियात चाळिशी उलटल्यावर कळलं, जेव्हा एका म्हाताऱ्या टगवाल्याने माझ्या मुलीच्या हातात दोर दिला आणि खुंट्याला कसा टाकायचा ते दाखवलं. लाजच वाटली. सारंगाची नात, आणि तिला पहिला दोर देणारा नॉर्वेजियन आडनावाचा परका आजोबा.

नॉर्वेजियन यासाठी सांगितलं की इथल्या टगच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव एका नॉर्वेजियन बाईने काढलं. थिया फॉस. १८८९मध्ये टकोमाला एक जुनी वल्ह्याची होडी घेऊन तिने ती भाड्याने द्यायला सुरुवात केली, त्यातून पुढे टगचा ताफा उभा राहिला. मुरगाव बंदर उभं राहिलं तेही १८८०च्याच दशकात, रेल्वेबरोबर. आपल्याकडे तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारे, घराघरांत, पण बंदराच्या इतिहासात नाव कोणाचं लागतं? गव्हर्नरांचं आणि कंपन्यांचं. सारंगाचं नाही.

आता इथलं एक वैगुण्यही सांगतो, नाहीतर दादा म्हणेल की परदेशी गेला आणि आरत्या ओवाळायला लागला. या शर्यतीतले बरेच टग आता कामाचे राहिलेले नाहीत. धक्क्यावर बांधलेला 'सँडमॅन' १९१०चा. लोकांनी हौसेने डागडुजी करून ठेवलेला. एकेकाळी हे टग जंगलातून तोडलेल्या ओंडक्यांचे तराफे ओढत खाडीभर हिंडायचे. ऑलिंपियातून आजही ओंडके आशियाला जातात, पण तराफ्यांचे ते दिवस गेले. काम संपलं की जत्रा भरते. बाजूला उभं राहून बघताना कधीकधी वाटतं, हे तेराव्याचं जेवण आहे; वाढपी मात्र फार आनंदी.

गोव्याने ते जेवणही वाढलं नाही. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या, मग काही काळ चालू, मग फेब्रुवारी २०१८च्या निकालाने परत बंद. आता लिलावांनंतर थोडंफार हलतंय. मधल्या काळात मांडवी आणि झुआरी नद्यांत खनिज वाहणाऱ्या बार्ज गंजत उभ्या राहिल्या. बार्जवर पोट असलेली माणसं कुठे गेली याची कोणी जत्रा भरवली नाही. पणजीसमोरच्या पाण्यात रोषणाई आहे ती कॅसिनोंची. नदीत दिवे हवेत, फक्त नदीवर काम करणारा माणूस नको, असा हा कारभार. महोत्सवाची भीती वाटते ती यामुळेच, आणि ती भीती मला पटते.

पण उत्सव पाण्यावर करता येतो हे गोव्याला कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही. चवथीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड निघतात. दोन होड्या एकत्र बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या आणि त्यावर पुराणातली दृश्यं उभी करायची. ना तिकीट, ना प्रायोजकाचा फुगा. गंमत अशी की कुंभारजुव्याच्या याच कालव्यातून पावसाळ्यात खनिजाच्या बार्ज जायच्या, कारण पावसात मांडवीचं आग्वादचं तोंड बंद आणि मांडवीतून झुआरीत यायचा आडमार्ग हाच. एकाच पाण्यात पोट आणि देव. शिवोलीला सांजावला, म्हणजे जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाला, होड्या निघतात त्या तर पावसाच्या भरात. वास्कोत दामोदराच्या सप्ताहात बाजारकर, दैवज्ञ, नाभिक, एकेका व्यवसायाचा पार, म्हणजे मिरवणूक, निघतो. टगवाल्यांचा एक पार पाण्यावरून निघाला तर कुठे बिघडलं?

मला हवा आहे तो एवढाच दिवस. पाऊस संपल्यावरचा एखादा रविवार. बंदराच्या आत माणसं सोडता येत नाहीत हे मान्य, आंतरराष्ट्रीय सुरक्षेचे नियम आहेत आणि २००४पासून ते सगळीकडे कडक झाले. पण ऑलिंपियातही लोक मालाच्या आवारात जात नाहीत, टगच बाहेर येऊन लोकांच्या धक्क्याला लागतात. मुरगावात सड्यावरून आणि बायण्याच्या वाळूवरून शर्यत बघता येईल. मंच नको. गायक नको. सारंगांनी, ड्रायव्हरांनी, खलाशांनी स्वतः सांगावं की दोनशे-अडीचशे मीटरचं जहाज धक्क्याला कसं टेकवतात. आणि त्याच धक्क्यावर, चार पावलांवर, कोळशाच्या विरोधातली माणसं आपलं टेबल मांडून बसलेली हवीत, आणि हवेतल्या धुळीचे आकडे मोठ्या अक्षरांत लावलेले. बंदराला हे दुसरं टेबल चालणार नसेल, तर पहिलंही नको. तेव्हा मी दादाच्या बाजूने.

दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, टेबल मांडू देतील असं तुला वाटतं? मला वाटत नाही, मी म्हणालो. मग तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, टग असतील तर मी येईन बाबांना घेऊन, लांबून बघायला.

बाबांनी मात्र परवा मुलीचा फोटो मागवून घेतला, दोर हातात घेतलेला. मला वाटलं कौतुक करतील. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला, खुंट्यावर आणला आणि दादाला म्हणाले, "विळखा उलटा घातलाय. जोर आला की सुटणार. तिला फोन लाव."