मूल जरा जास्तच हुशार निघालं तर

पालकसभेत बाईंनी तुम्हाला बाजूला घेऊन ‘तुमचं मूल वेगळं आहे हो’ असं सांगितलं असेल, तर घाबरू नका. वेळीच लक्ष दिलं तर उतार पडतो.

आधी शिष्यवृत्ती. परीक्षा चौथीला असली तरी तयारी दुसरीच्या मे महिन्यातच सुरू करावी. एका पेपरात ७५ प्रश्न, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. तेवढ्यात जे मूल विचार करत बसेल ते मागे पडणार, हे उघड आहे. तेव्हा ती सवय घरूनच मोडून पाठवावी. त्यात ‘बुद्धिमत्ता चाचणी’ असते, ती पाठ करून घ्यावी. होते पाठ! ‘रमाच्या आईच्या भावाची एकुलती एक बहीण’ कोण, हे आमच्याकडे आता आजीसुद्धा झोपेत सांगते.

मूल ‘असं का?’ म्हणालं, तर न चिडता ‘हे परीक्षेला आहे का?’ एवढंच विचारावं. काही महिन्यांत तेच बाईंना हा प्रश्न विचारू लागतं. औषध लागू पडलं समजायचं.

सर्जनशीलतेचाही क्लास लावावा. शनिवारी, ४ ते ५. रंग रेघेबाहेर जात नाही ना, एवढं बघावं.

खरा धोका गणितात असतो. उत्तर बरोबर आणि रीत स्वतःची, असं दिसलं की गुण कापायला लावा. नाहीतर देवळालीच्या कापरेकर मास्तरांसारखी गत होते. फर्ग्युसनचे बीएस्सी, पुढची पदवी नाही, शाळेतली नोकरी आणि नाद आकड्यांशी खेळण्याचा. सगळे सारखे नसलेले कुठलेही चार अंक घ्यायचे, उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घ्या: ५४३२ मधून २३४५ गेले, राहिले ३०८७. मग ८३५२. मग ६१७४. आणि तिथून पुढे हलतच नाही! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच पोचता. कोणत्या धड्यात आहे हे? किती गुणांना? इथल्या जाणत्यांनी पोरखेळ म्हणून सोडून दिलं, ते उगीच नाही. १९७५ मध्ये गणितातल्या गमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं खरं, पण तोवर मास्तर सत्तर वर्षांचे झाले होते. सत्तराव्या वर्षी कुठल्या कोट्यातून प्रवेश मिळतो?

शेवटची सूचना क्लासला नेतानाची. सिग्नलला थांबलात आणि मागच्या सीटवरून ‘बाबा, ही रिक्षा तीनच वजाबाक्यांत पोचते’ असं ऐकू आलं, तर पोराला हेल्मेट दोन नंबर मोठं घ्या. डोळ्यांवर आलं की नंबर प्लेट दिसत नाही.