१९४५ च्या ‘एकजूट पश्चिमे’बद्दल

व्हॉट्सॲपवर एक मजकूर अधूनमधून फिरून येतो, सोबत दोनरंगी युरोपचा नकाशा. दावा असा की याल्टाला, म्हणजे फेब्रुवारी १९४५ मधल्या रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांच्या बैठकीत, जर्मनीची वाटणी झाली, मग अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स एकदिलाने उभे राहिले, आणि जर्मनी एकसंध राहण्यात खोडा घातला तो एकट्या रशियाने.

याल्टाचं आधी उरकून टाकतो. जर्मनीचा कोणता भाग कोणत्या विजेत्याच्या ताब्यात राहील, त्या विभागांच्या सीमा लंडनमध्ये बसलेल्या अमेरिका, ब्रिटन आणि रशियाच्या युरोपीय सल्लागार आयोगाने आखल्या. त्या मसुद्यावर १२ सप्टेंबर १९४४ ला सह्या झाल्या, म्हणजे याल्टाच्या पाच महिने आधी. याल्टाला त्यात भर पडली ती फ्रान्सच्या विभागाची. तोही अमेरिका आणि ब्रिटनच्या वाट्यातून कापून दिला. स्टालिनने स्वतःच्या वाट्यातली वीतभर जमीन सोडली नाही. गंमत म्हणजे ज्याच्या देशाला हिस्सा मिळाला त्या फ्रेंच नेते द गॉलना ना याल्टाचं बोलावणं होतं, ना जुलै-ऑगस्ट १९४५ च्या पॉट्सडॅम परिषदेचं. हा अपमान ते विसरले नाहीत.

आता एकदिलाची गोष्ट. एप्रिल १९४५ मध्ये फ्रेंच सैन्याने श्टुटगार्ट घेतलं. अमेरिकी जनरल डेव्हर्सनी शहर रिकामं करायला सांगितलं. द गॉलचा उलट हुकूम आला: आपला विभाग ठरेपर्यंत हलायचं नाही. फ्रेंच निघाले ते जुलैत.

त्याहून भारी प्रकरण आओस्ता खोऱ्याचं. युद्ध संपता संपता फ्रेंच तुकड्या आल्प्स ओलांडून वायव्य इटलीत शिरल्या आणि तिथेच ठाण मांडून बसल्या. तिथे मित्रराष्ट्रांचं लष्करी प्रशासन बसवायचं म्हटल्यावर फ्रेंच जनरल द्वाय्यां यांनी अमेरिकी जनरल क्रिटेनबर्गरना लेखी कळवलं की, गरज पडली तर हाती असलेल्या सगळ्या साधनांनिशी हे रोखू. ही साधनं बहुतांशी अमेरिकेनेच दिलेली होती! जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी फ्रान्सचा शस्त्र-दारूगोळा थांबवला. शिधा तेवढा चालू ठेवला. मग फ्रेंच नरमले आणि टप्प्याटप्प्याने मागे हटले. जर्मनीची शरणागती होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

राहिला खोडा, आणि इथेच हा मजकूर सपशेल उताणा पडतो. जर्मनी आर्थिकदृष्ट्या एकच घटक मानायचा आणि अर्थ, वाहतूक, दळणवळण, परदेशी व्यापार, उद्योग यांची मध्यवर्ती खाती उभारायची, असं पॉट्सडॅमला ठरलं. चारही ताबेदार देशांच्या बर्लिनमधल्या नियंत्रण मंडळात मात्र निर्णय एकमतानेच व्हायचे. १९४५ च्या हिवाळ्याआधीच ही खाती अडली आणि नकार फ्रान्सचा होता, रशियाचा नव्हे. साध्या रेल्वेच्या मध्यवर्ती कारभारालाही पॅरिस तयार नव्हतं. अमेरिकेचे जनरल क्ले यावरून वैतागून गेले होते. मे १९४६ मध्ये त्यांनी आपल्या विभागातून नुकसानभरपाईची यंत्रसामग्री पाठवणं थांबवलं, तेव्हा त्यांचा रोख मॉस्कोइतकाच पॅरिसवरही होता.

फ्रान्सला दोष देण्याआधी हेही पाहावं की १८७०, १९१४ आणि १९४०, असं सत्तर वर्षांत तीनदा जर्मन सैन्य त्यांच्या घरात शिरलं होतं. त्यामुळे ऱ्हाइनलँड वेगळा करा, रूहरचा औद्योगिक पट्टा आंतरराष्ट्रीय ताब्यात द्या, आमच्या सीमेलगतच्या सार प्रदेशाचा कोळसा आम्हाला द्या, हा त्यांचा हट्ट होता. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांनी सार आणि उरलेल्या जर्मनीमध्ये जकातीची भिंतच उभी केली.

रशिया साव होता असं नाही. आपल्या विभागातले कारखाने उचलून नेणं, १९४६ मध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाला दडपणाखाली कम्युनिस्टांत विलीन करणं, १९४८ ची बर्लिनची नाकेबंदी, हे सगळं त्याच्याच खात्यावर आहे. फ्रान्स अमेरिकेकडे वळला तो १९४७ च्या वसंतात, मॉस्कोच्या परिषदेत रशियाचे परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांनी सारबाबत पाठिंबा न दिल्यावर. आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये डंकर्कला ब्रिटन-फ्रान्सचा जो करार झाला, त्यात संभाव्य आक्रमक म्हणून नाव रशियाचं नव्हतं, जर्मनीचं होतं.