सागाचं नाही वाटतं?

आमच्याकडे आलेला पाहुणा आधी चहा घेत नाही, आधी कपाट ठोकतो. मधल्या बोटाचं पेर दुमडून टक, टक, टक. मग छाती तपासून झालेल्या डॉक्टरच्या चेहऱ्याने निदान करतो, "सागाचं नाही वाटतं?"

नाही. शिवणीचं आहे. हे सांगितलं की घरात सुतकी शांतता पसरते.

लाकूड किलोवर जोखायची खोड कोणी लावली कोण जाणे. साग घनमीटरला साधारण 650 किलो भरतो, शिवण बहुतेकदा 500 च्या आतबाहेर. एवढ्यावरून ती हलक्या घरची ठरते! वास्तविक वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात साग, शिवण आणि अंगणातली तुळस तिघंही एकाच कुळातली. पण हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "मग तुळशीचंच करायचं होतं कपाट."

सागाच्या चांगल्या लाकडासाठी निम्मं आयुष्य थांबावं लागतं, शिवण पंधराएक वर्षांत करवतीखाली येते. डॅनियल लुडविग नावाच्या अमेरिकन अब्जाधीशाला हीच घाई भुलवून गेली. 1967 साली त्याने ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या खोऱ्यात अफाट जमीन घेतली, कागदाच्या लगद्यासाठी शिवण लावली आणि 1978 मध्ये लगद्याचा अख्खा कारखाना जपानमध्ये बांधून समुद्रातून तरंगत आणवला. तिथल्या रेताड जमिनीत बाईसाहेब रुसल्या. कारखाना मात्र आला होता.

आमच्या सुतारमामांना असल्या इतिहासाशी कर्तव्य नव्हतं. फळीवर रंधा फिरवला की फिकट पिवळसर, किंचित चकाकणाऱ्या पातळ ढलप्या न तुटता गुंडाळत बाहेर यायच्या आणि मामा खुशीत मान डोलवायचे. नीट वाळवलेली शिवण सहसा वाकत नाही, पिळत नाही. म्हणून तर वाद्यांना, खेळण्यांना, कोरीवकामाला तिला मागणी. "मग एवढ्या सोप्या लाकडाची मजुरी थोडी कमी घ्या की," हिने सुचवलं. मामा शांतपणे म्हणाले, "वहिनी, लाकूड हलकं आहे, डाळ नाही."

आजीचा आक्षेप आणखी वेगळा. शिवणीचं मूळ दशमुळांपैकी एक. "औषधाच्या झाडात चादरी कोंबता?" असं म्हणून तिने आपल्या साड्या लोखंडी ट्रंकेतच ठेवल्या.

दोन पावसाळे गेले. शेजारच्यांच्या प्लायच्या कपाटाला दार लावताना गुडघा द्यावा लागतो, आमचं करंगळीने मिटतं. याची दखल कोणी घेईल तर शपथ.

गणपतीत मखरासाठी कपाट सरकवायचं ठरलं. आत्याचे यजमान अण्णा सागाचे कट्टर अभिमानी. बाह्या सरसावून, श्वास कोंडून त्यांनी खालची कड धरली आणि सगळा जोर लावून उचलली. कपाट अपेक्षेपेक्षा फारच लवकर वर आलं, अण्णा फारच लवकर मागे गेले आणि थेट मोदकांच्या सारणाच्या परातीत बसले.

नारळ झटकत उठले आणि म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? लाकडात दम नाही."