‘आधी बिल भरा, मग बोला’ असं कायदा म्हणत नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. वीज बिल चुकीचं असलं तरी आधी पूर्ण भरावंच लागतं, नाहीतर वायरमन कधीही येऊन लाइन कट करतो. मीटर जास्त पळतो म्हणून ओरडून काही होत नाही. दोन वर्षांपूर्वीची बाकी आपोआप माफ होते. आणि तक्रार केलीच, तर निकाल कंपनीचेच लोक देतात. असलं वाचून माणसं उधारउसनवार करून नको ते पैसे भरतात, म्हणून याला उत्तर द्यायलाच हवं.

पहिलं विधान साफ खोटं आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. वीज कायदा 2003 चं कलम 56 सांगतं की, थकबाकी असली तरी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. नोटीस मिळाली तो दिवस त्या 15 मध्ये धरायचा नाही. याच कलमात पुढे एक तरतूद आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या बिलांची सरासरी, यांत जी कमी असेल ती निषेध नोंदवून, म्हणजे बिल मान्य नाही असं लिहून देऊन, भरता येते. तेवढी भरली की वाद मिटेपर्यंत त्या बिलापायी वीज तोडता येत नाही. समजा, घराचं बिल दरमहा बाराशेच्या आसपास येतं आणि एकदम 18,400 चं आलं, तर बाराशे भरा आणि वाद घाला. बिल बरोबर ठरलं तर उरलेले पुढे द्यावे लागतील, तो भाग वेगळा.

प्रत्यक्षात खिडकीवर काय होतं? ‘कमी रक्कम घेता येत नाही, साहेबांना भेटा’ असं उत्तर मिळतं. म्हणून आधी अर्ज लिहा. त्यात ग्राहक क्रमांक, बिलाचा महिना, कलम 56 चा उल्लेख आणि ‘निषेध नोंदवून रक्कम भरत आहे’ एवढं स्पष्ट असू द्या. दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच नसेल तर पुढे सांगायला हातात काही राहत नाही.

मीटरचं म्हणाल तर आधी बिलावरचा ‘चालू रीडिंग’चा रकाना बघा. तिथे आकड्याऐवजी ‘लॉक’ किंवा ‘फॉल्टी’ असा शेरा असेल, तर ते ॲव्हरेज, म्हणजे अंदाजाने काढलेलं बिल आहे. केंद्र सरकारच्या 2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार, नैसर्गिक आपत्तीसारखं कारण नसताना अशी अंदाजे बिलं दोनपेक्षा जास्त वेळा आली, तर खऱ्या रीडिंगचं बिल येईपर्यंत पैसे भरायला ग्राहक नकार देऊ शकतो. 2024 च्या दुरुस्तीने आणखी एक हक्क दिला. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केल्यापासून पाच दिवसांत कंपनीने दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने वापर पडताळायचा आहे. स्मार्ट मीटरवरून जे तावातावाने बोलतात, त्यांनी आधी हे लेखी मागावं.

दोन वर्षांची माफी मात्र अर्धवट ऐकीव आहे. कलम 56(2) मध्ये बाकी वसूल करायला दोन वर्षांची मुदत आहे, पण बाकी दर बिलात सतत दाखवली जात असेल तर ती लागू होत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात सांगितलं की, कंपनीकडून चूक झाली असेल तर मुदतीनंतरही जादा मागणीचं बिल देता येतं, फक्त त्यासाठी वीज तोडता येत नाही. मेसेजवर विसंबून जुनी बाकी सोडून देणारे इथेच अडकतात.

‘निकाल कंपनीचेच लोक देतात’ हा राग मला समजतो. तक्रार निवारण मंच कंपनीच स्थापन करते. पण महाराष्ट्रात त्यात ग्राहक संघटनेचा प्रतिनिधीही बसतो. मंचाचा निकाल पटला नाही, तर 60 दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. त्याची नेमणूक कंपनी करत नाही, राज्य वीज नियामक आयोग करतो. मुंबई आणि नागपूर अशा दोन ठिकाणी कार्यालयं आहेत. वकील लावावा लागत नाही.

एका बाबतीत मात्र भीती खरी आहे. कलम 126 खाली अनधिकृत वापराचं किंवा 135 खाली चोरीचं प्रकरण असेल, तर वाट वेगळी. 126 च्या आकारणीविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच स्पष्ट केलंय. तिथे 30 दिवसांत कलम 127 खाली अपील करायचं आणि निम्मी रक्कम आधी भरायची. कागद हातात पडला की रकमेच्या आधी त्यावरचं कलम वाचा.