साखरपाण्याची चाकरी

न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी माणसाला कधी ना कधी कोणीतरी हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्याला साखरपाणी पाजायचं टांगतं भांडं, म्हणजे फीडर, भेट देतं. बार्बेक्यूची शेगडी गॅरेजात पडून राहिली तरी कोणी विचारत नाही. फीडर टांगला की मात्र तुम्ही नोकरीला लागलात.

मालकाचं नाव रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड, वजन साधारण ३ ग्रॅम. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला घरटं करणारी हमिंगबर्डची ही एकच जात, त्यामुळे मालक बदलून मिळत नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात स्वारी मेक्सिको-मध्य अमेरिकेकडून येते, सप्टेंबरअखेर परत जाते. मधले पाच महिने तुम्ही बाटल्या घासायच्या.

साखरपाण्याची कृती वाचायला सोपी आहे. एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. पाव कप साखरेला एक कप कोमट पाणी, ढवळा, विरघळली की झालं. पण आपला हात इथेच शिवशिवतो. पाहुण्याला इतकं पाणचट कसं द्यायचं, म्हणून एक चमचा जास्त पडतो. उकळायला ठेवलंच तर तार धरते का बघावंसं वाटतं. मग घरातले आरोग्यवाले येतात आणि गूळ सुचवतात. गुळात, तसंच ब्राउन शुगरमध्ये लोह असतं, ते या पक्ष्याला बाधतं. मधाच्या पाण्याला बुरशी पटकन धरते. शुगर-फ्री गोळीत कॅलरीच नाहीत, आणि सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारणाऱ्या जिवाला डाएटवर ठेवणं म्हणजे सरळ उपासमार. खायचा लाल रंगही नको, फीडरचं प्लास्टिक लाल असतं तेवढं पुरे. वेलची-केशरावर मी काही बोलत नाही.

खरी शिक्षा धुण्याची. हवा थंड असेल तर पाणी तीन-चार दिवस टिकतं. पारा ३२ अंश सेल्सिअसवर गेला की दोन दिवसांत बदलायचं, उष्णतेची लाट असेल तर रोज. पाणी गढूळ दिसलं म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. भोकांच्या आत काळी बुरशी बसते, तिला बारीक ब्रश, गरम पाणी आणि व्हिनेगर लागतं. म्हणून फीडर घेताना त्याच्या रूपावर जाऊ नका, तो पूर्ण उघडतो का ते बघा. रंगीत काचेची उलटी बाटली दिसते छान, पण उन्हात आतली हवा तापून फुगते आणि साखरपाणी खाली ढकलते. अर्धी रिकामी बाटली तर जास्तच गळते, कारण तिच्यात हवाच जास्त. बशीसारखा चपटा फीडर घ्या आणि अर्धा कपच भरा. उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, फक्त बरणीवर चिठ्ठी लावा, नाहीतर कोणीतरी त्याचं सरबत करेल.

गळालं की मुंग्या आल्याच. त्यावर इथल्या दुकानात फीडरच्या वर अडकवायची पाण्याची वाटी मिळते. दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची आजीची युक्तीच ही, फक्त उलटी टांगलेली आणि डॉलरमध्ये. जुलैत ही वाटी भराभर सुकते, ती भरणं हे वेगळं काम. दोरीला तेल किंवा व्हॅसलीन चोपडायचा शहाणपणा नको. ते पिसांना लागलं तर पक्ष्याला निघत नाही. भोकांभोवती पिवळी प्लास्टिकची फुलं असलेला फीडर घेतलात तर गांधीलमाश्यांनाही आमंत्रण गेलं.

एवढं करून पक्षी येतो, आणि एकच येतो. हा नर जवळच्या वाळक्या फांदीवर बसून दिवसभर पहारा करतो, पितो थोडं आणि बाकीच्यांना हाकलतो जास्त. उपाय म्हणजे दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला, त्याला दिसणार नाही असा लावणे. म्हणजे आता धुवायला दोन. जागा खिडकीपासून हातभर अंतरावर धरा, म्हणजे उडाला तरी काचेवर जोरात आदळणार नाही. ऑगस्टमध्ये फीडरवर प्रेइंग मॅन्टिस (प्रार्थनाकीटक) बसलेला दिसला तर तो फोटोसाठी आलेला नाही. तो हमिंगबर्ड धरून खातो. काठीने उचलून लांबच्या झुडपात सोडा. अस्वलांच्या भागात फीडर रात्री घरात घ्यावा लागतो, आणि न्यू जर्सीच्या एकवीसही काउंट्यांत अस्वल दिसलेलं आहे.

बघायचं कसं? सूर्य पाठीशी ठेवून. नराचा लाल गळा एरवी काळाच दिसतो, कारण तो लाल रंग पिसातल्या रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या रचनेवरून परतणाऱ्या उजेडाचा आहे. कोन जमला की गळा क्षणभर पेटतो, आणि तेवढ्यात कोणीतरी विचारतं, “कुठे? कुठे?” पुण्याहून आलेल्या आई ठामपणे सांगतात, “हा तर आपला शिंजीर!” तसा नाही तो. हमिंगबर्ड भारतात नाहीतच, आणि त्यांचं जवळचं नातं आहे पाकोळ्यांशी. संध्याकाळी फुलांवर भिरभिरणारं “हमिंगबर्डचं पिल्लू” मात्र पतंग असतं. त्याला मिशा असतात. खरं पिल्लू घरट्यातून निघतं तेच जवळजवळ आईएवढं होऊन.

ज्यांना बाटल्या नकोत त्यांनी ट्रम्पेट हनीसकलचा वेल लावावा, ओलसर जागेत कार्डिनल फ्लॉवर. हरणांनी खाल्ले तर पुन्हा लावावेत. औषध मात्र फवारू नका. पिल्लांना बारीक किडे आणि कोळी लागतात, शिवाय मादी घरटं कोळ्याच्या जाळ्यानेच बांधते. जाळी न झाडण्याचं इतकं भक्कम कारण दुसऱ्या कुठल्या छंदात मिळत नाही.

सप्टेंबरात शेजारी सांगतात की फीडर काढा, नाहीतर पक्षी जाणार नाहीत. ते दिवस लहान होताना बघून निघतात, तुमच्या साखरेला बघून थांबत नाहीत. शेवटचा दिसल्यावरही दोन आठवडे ठेवा, मागे राहिलेल्यांना उपयोग होतो. नोव्हेंबरात एखादा आलाच तर तो पश्चिमेकडून भरकटलेला रूफस जातीचा हमिंगबर्ड असू शकतो. मग लांबलचक लेन्सवाले अनोळखी लोक तुमच्या अंगणात उभे राहतात, आणि रात्री साखरपाणी गोठू नये म्हणून फीडर आत घेऊन तुम्हाला उजाडायच्या आधी, पायजम्यावर जॅकेट चढवून, त्यांच्यासमोर पुन्हा टांगावा लागतो.